फेसाळ वाइनची पारख

आंब्याच्या दिवसांत शहरातल्या बाजारात गेला असाल, तर एक प्रकार तुमच्या नजरेस नक्की पडला असेल. पेटीवर ठळक अक्षरांत ‘देवगड हापूस’ असे लिहिलेले, आंबा रंगाने पिवळाधमक, आणि विकणारा शपथेवर सांगतो की माल आजच पहाटे कोकणातून उतरला. पेटी घरी आणून उघडावी, तो आंब्याखाली अंथरलेले वर्तमानपत्र कानडी निघते! आता कर्नाटकाचा आंबा वाईट असतो असे मुळीच नाही. तो आपल्या नावाने विकला जावा, त्याला कोण हरकत घेणार? पण देवगडच्या बागाईतदाराने पिढ्यान् पिढ्या राखलेल्या नावाची किंमत भलताच कोणी वसूल करतो, आणि गिऱ्हाइकाने मागितले एक, हाती पडले दुसरे. दोघे बुडतात, मधला तेवढा तरतो.

आज ज्या वस्तूविषयी सांगणार आहे, तिची कथा याच जातीची आहे. ती वस्तू म्हणजे फेसाळ वाइन. बूच उडाले की फसफसून वर येते ती. सिनेमात आणि क्रिकेटचा सामना जिंकल्यावर तुम्ही ती पाहिली असेल, आणि तिला सरसकट ‘शँपेन’ म्हणताना ऐकलेही असेल.

काही शिक्षक मंडळींच्या कपाळाला येथे आठी पडेल, हे मी जाणून आहे. पिणे न पिणे ज्याच्या त्याच्या विचारावर आहे, आणि न पिण्याने कोणाचे काही अडत नाही, हे आधीच सांगून ठेवतो. पण नाशिक जिल्ह्यात दिंडोरी-निफाडकडे आज कित्येक शेतकऱ्यांच्या मांडवावर वाइनची द्राक्षे लोंबत आहेत. त्या द्राक्षांचे पुढे काय होते, आणि त्यांच्या नावाने खोटा माल कसा खपू शकतो, हे पिकवणाऱ्याला ठाऊक असायला हवे. आणि जो कोणी पैसे मोजून बाटली घेणारच आहे, त्याने निदान फसू नये.

प्रथम हे बुडबुडे येतात कोठून, ते पाहू.

जत्रेतला गोटीसोडा आठवा. पाण्यात कार्बन डाय-ऑक्साइड वायू दाबून भरलेला असतो; तोच वायू आतून गोटीला वर रेटून धरतो. अंगठ्याने गोटी खाली ढकलली की वायू सुटतो आणि पाणी फसफसते. आता दुसरे उदाहरण घ्या. जिलबीचे पीठ रात्रभर भिजत ठेवले की सकाळी त्यावर बुडबुडे दिसतात. तेथे वायू कोणी भरला? कोणीच नाही. पिठातल्या सूक्ष्म जिवांनी तो तयार केला. द्राक्षाच्या रसाचेही असेच होते. किण्व नावाचे सूक्ष्म जीव, ज्यांना आपण यीस्ट म्हणतो, ते रसातली साखर खातात आणि तिचे मद्यार्क व कार्बन डाय-ऑक्साइड करतात. टाकीचे तोंड मोकळे असले की वायू उडून जातो आणि साधी वाइन उरते. तोच वायू कोंडून धरला, तर ती फेसाळ होते.

कोंडण्याच्या रीती तीन. सर्वांत स्वस्त रीत गोटीसोड्याची: साधी वाइन घ्यायची आणि तिच्यात वायू भरायचा. अशा वाइनचे बुडबुडे मोठे, रासवट, आणि पेल्यात ओतल्यावर लवकर दमणारे. दुसरी रीत बंद पोलादी टाकीची. टाकीतच दुसऱ्यांदा आंबवायचे, आणि दाब न सोडता बाटल्या भरायच्या. इटलीच्या ईशान्य भागातली प्रोसेक्को बहुतेक अशीच बनते, आणि तिला ती शोभतेही. तिसरी रीत सर्वांत खटाटोपाची, आणि तीच शँपेनची.

शँपेन हे मुळात एका मुलखाचे नाव आहे. पॅरिसच्या पूर्वेस, राँस आणि एपर्ने या गावांच्या आसपासचा हा प्रदेश. जमिनीखाली खडूचा पांढरा दगड, आणि हवा थंड. इतकी थंड की द्राक्षाला साखर धड चढत नाही आणि आंबटपणा भरपूर राहतो. खाण्याच्या द्राक्षाला हा दोष. फेसाळ वाइनला मात्र हाच गुण. आपल्याकडे ऊन जास्त, म्हणून फेसाळ वाइनसाठी द्राक्षे थोडी आधीच, आंबटपणा शाबूत असताना तोडावी लागतात. गोडी भरण्याची वाट पाहत बसण्याची ज्यांची सवय आहे, त्यांना हे प्रथम जिवावर येते.

तेथे द्राक्षे हातानेच तोडण्याचा नियम आहे. यंत्राला बागेत मज्जाव. चार हजार किलो द्राक्षांपासून २,५५० लिटरपेक्षा जास्त रस घेता येत नाही, कारण जास्त पिळले की सालीचा आणि बियांचा कडवटपणा उतरतो. या रसाची आधी साधी वाइन करतात. मग निरनिराळ्या बागांची, पुष्कळदा निरनिराळ्या वर्षांचीही वाइन एकत्र मिसळतात. ती बाटल्यांत भरताना लिटरमागे सुमारे २४ ग्रॅम साखर आणि थोडे किण्व घालतात, आणि तोंड पक्के बंद करून बाटल्या तळघरात आडव्या ठेवून देतात. प्रत्येक बाटलीच्या पोटात पुन्हा आंबवण सुरू होते. वायूला बाहेर वाट नाही, म्हणून तो वाइनमध्येच विरघळतो. आतला दाब सुमारे सहा वातावरणांइतका, म्हणजे मोटारीच्या चाकातल्या हवेच्या दुपटीहून अधिक होतो. पूर्वी काचही कच्ची आणि साखरेचा हिशेबही कच्चा. तळघरात बाटल्या फटाफट फुटत, आणि कामगार तोंडावर लोखंडी जाळीचे मुखवटे घालून आत जात.

आंबवण संपली की किण्व मरून खाली बसते. त्या साक्यावरच वाइन महिनोन् महिने पडून राहते, आणि भाजलेल्या पावासारखा जो वास जाणकार वाखाणतात, तो येथेच येतो. कायदा सांगतो की बाटली भरल्यापासून १५ महिन्यांच्या आत ती बाजारात आणता कामा नये, आणि त्यांतले निदान १२ महिने साक्यावर गेले पाहिजेत. एकाच सालच्या द्राक्षांची असून लेबलावर ते साल छापायचे असेल, तर तीन वर्षे.

आता हा साका काढायचा कसा? बाटली उघडली तर वायू जाणार, न उघडावी तर वाइन गढूळ. ही अडचण एका विधवा बाईच्या कारखान्यात सुटली. बार्ब-निकोल क्लिको हिचा नवरा १८०५ साली वारला, तेव्हा ती सत्तावीस वर्षांची होती. तिने धंदा हाती घेतला आणि नावारूपाला आणला. १८१६ च्या सुमारास तिच्या तळघरात बाटल्या भोके पाडलेल्या फळीत उपड्या खोचून रोज थोड्या थोड्या फिरवण्याची युक्ती निघाली. त्यामुळे साका घसरत घसरत बुचापाशी येऊन बसतो. आज बहुतेक ठिकाणी हे काम यंत्र करते. मग बाटलीची मान गोठवतात. बूच काढले की दाबाने बर्फाचा तुकडा साक्यासकट बाहेर उडतो. जेवढी वाइन कमी झाली, तेवढी थोड्या साखरेसह भरून कायमचे बूच ठोकतात. क्लिकोबाईंचे नाव आजही त्या बाटलीवर आहे, आणि नावाआधी फ्रेंचमध्ये ‘विधवा’ असे छापलेले असते. आपल्याकडे अशी पाटी कोणी लावली असती का, हे मनात येऊन जाते.

इतका खटाटोप, इतका काळ आणि इतका पैसा गुंतलेला माल महाग असणार, हे उघड आहे. आणि जेथे नावाला भाव, तेथे नावाची चोरी.

शँपेनमधल्या शेतकऱ्यांवर ही वेळ १९१० साली आली. मुळावरच्या फिलॉक्सेरा किडीने बागा आधीच पोखरल्या होत्या. त्यात त्या वर्षी पाऊस आणि रोगराईने पीक जवळजवळ बुडाले. पण पीक नसतानाही बाटल्या मात्र भरल्या जातच होत्या! काही व्यापारी लांबलांबच्या प्रांतांतून स्वस्त वाइन आगगाडीने आणवीत आणि शँपेन म्हणून विकीत. कर्जात बुडालेल्या बागाईतदाराने हे डोळ्यांनी पाहिले. जानेवारी १९११ मध्ये दामरी गावात लोकांनी बाहेरून आलेली वाइन अडवून ओतून दिली. एप्रिलच्या १२ तारखेला आई या गावात भडका उडाला. (गावाचे नावच तसे आहे, आपल्या आईशी संबंध नाही.) व्यापाऱ्यांची घरे आणि वखारी जाळल्या गेल्या, पिंपे फोडली गेली, रस्त्यातून वाइन वाहिली, आणि सरकारला फौज आणावी लागली.

जाळपोळीचे समर्थन करण्याचे कारण नाही, आणि तीत अस्सल माल विकणाऱ्यांच्या वखारीही वाचल्या नाहीत. पण त्या संतापामागचा प्रश्न खरा होता: माझ्या गावाचे नाव विकण्याचा हक्क कोणाचा? त्याचे उत्तर सोपे नव्हते, कारण शँपेनची हद्द कोठवर, यावरच भांडण होते. दक्षिणेकडचा ओब जिल्हा सरकारने हद्दीबाहेर काढला, तर तेथले शेतकरीही १९११ सालीच रस्त्यावर उतरले. आम्ही पिढ्यान् पिढ्या याच मालाला द्राक्षे पुरवली, आता परके कसे झालो, म्हणून. १९२७ च्या कायद्याने त्यांना आत घेतले आणि कोणती द्राक्षे चालतील तेही ठरवले. पुढे १९३६ साली शँपेन या नावाला फ्रान्सच्या नव्या नामसंरक्षण कायद्याचे कवच मिळाले. आज सुमारे ३४,००० हेक्टर बागा आणि सुमारे १६,००० बागाईतदार त्या एका नावावर उभे आहेत.

हे नाव देशाबाहेर राखायलाही भांडावे लागलेच. लंडनमध्ये स्पेनची फेसाळ वाइन ‘स्पॅनिश शँपेन’ म्हणून विकली जाई. शँपेनवाले फौजदारी खटल्यात १९५८ साली हरले. पण दिवाणी दाव्यात, डिसेंबर १९६० मध्ये, न्यायाधीशाने सांगितले की हे नाव वापरून गिऱ्हाइकाची दिशाभूल होते, सबब ते वापरू नये. नावाची ही राखण कोठवर जाते, याचा एक मासला ऐका. एक अमेरिकन बिअर स्वतःला ‘बिअरमधली शँपेन’ म्हणवते. २०२३ साली बेल्जियममध्ये अडवलेले तिचे २,३५२ डबे एवढ्या तीन शब्दांपायी चेपून नष्ट करण्यात आले. मला हे थोडे अति वाटते. पण आई गावची आठवण असणाऱ्यांना वाटत नसावे.

आपल्या देशात वस्तूच्या गावाचे नाव राखणारा कायदा १९९९ साली झाला आणि २००३ पासून अमलात आला. पहिली नोंद दार्जिलिंग चहाची झाली. हापूस आंबा २०१८ मध्ये आला, आणि ‘नाशिक व्हॅली’ हे वाइनचे नावही या यादीत आहे. फेसाळ वाइनचे पाऊल महाराष्ट्रात पडले ते १९८० च्या दशकात, पुणे जिल्ह्यातल्या नारायणगावला. फ्रेंच तज्ज्ञांच्या मदतीने तेथे बाटलीत आंबवलेली वाइन तयार झाली आणि ‘ओमर खय्याम’ या नावाने परदेशी गेली. पुढे नाशिककडे वाइनचे कारखाने उभे राहिले. एपर्नेच्या मोएत अँड शँदों या जुन्या पेढीशी नाते असलेल्या कंपनीने २०१३ साली दिंडोरीची फेसाळ वाइन बाजारात आणली. आता गंमत पाहा: शँपेनवाल्यांच्याच घरची ही कंपनी, पद्धत तीच, पण दिंडोरीच्या बाटलीवर ‘शँपेन’ हा शब्द घालता येत नाही, आणि घातलेला नाही. द्राक्ष दिंडोरीचे, म्हणून नाव शँपेनचे नाही.

तेव्हा बाटली हाती घेणाऱ्याने पहिली गोष्ट पाहायची ती ही. भारतात बनलेल्या बाटलीवर कोणी ‘शँपेन’ छापले असेल, तर ती तेथेच खाली ठेवावी. शँपेन असेल तर फ्रान्सचीच, आणि तो शब्द लेबलावर तर असतोच, बुचाच्या अंगावरही छापलेला असतो. लेबलाच्या कडेला बारीक अक्षरांत एक क्रमांक आणि त्याआधी दोन रोमन अक्षरे असतात. ‘आर.एम.’ असेल तर शेतकऱ्याने आपल्याच द्राक्षांची वाइन केली आहे, ‘सी.एम.’ म्हणजे शेतकऱ्यांची सहकारी संस्था, ‘एन.एम.’ म्हणजे द्राक्षे विकत घेणारी पेढी. मोठ्या नावाच्या बहुतेक बाटल्या या तिसऱ्या प्रकारच्या असतात, आणि त्यात कमीपणा काही नाही. पण क्रमांकच नसेल, तर संशय घ्यावा. २०१६ साली इटलीत पादुआजवळ पोलिसांना नऊ हजारांहून अधिक बाटल्या सापडल्या: आत प्रोसेक्को, बाहेर नामांकित शँपेनचे खोटे लेबल. लेबलावर क्रमांक नव्हता, येथेच ते पकडले गेले.

परदेशी बाटली आपल्याकडे रीतसर आली असेल, तर तिच्यावर आयात करणाऱ्याचे नाव व पत्ता चिकटवलेला असतो. देशी बाटलीवर कारखान्याचे नाव, गाव आणि अन्नसुरक्षेचा परवाना क्रमांक. हे वाचायला अर्धे मिनिट लागते. आपण खताच्या पोत्यावरचे वाचतो, तसेच हेही. खरेदी परवानाधारक दुकानातून किंवा थेट कारखान्याच्या विक्री केंद्रातून करावी आणि पावती मागून घ्यावी. ‘विमानतळावरून आणलेली आहे, तुमच्यासाठी निम्म्या भावात’ म्हणणारा ओळखीचा असला तरी त्याच्या वाटेला जाऊ नये. आपल्या राज्यात पिण्यासाठी परवाना लागतो आणि वयाची अट आहे; वर्धा आणि गडचिरोली जिल्ह्यांत तर दारूबंदीच आहे.

अस्सलपणा झाला. ताजेपणाचे काय? येथे पुष्कळांचा समज असा की वाइन जितकी जुनी तितकी चांगली. फेसाळ वाइनच्या बाबतीत हा समज बहुधा पैसे बुडवतो. कारखान्यातल्या साक्यावर तिचे वय वाढते ते हिताचे. एकदा साका काढून बूच ठोकले की ती पिण्याला तयार असते. दुकानाच्या फळीवर ती सुधारत नाही, झिजते. सालाचा उल्लेख नसलेली साधी शँपेन दोन-तीन वर्षांत संपवावी. प्रोसेक्को तर वर्ष-दोन वर्षांतच. काही उत्पादक साका काढल्याची तारीख मागच्या लेबलावर छापतात. अशी तारीख दिसली तर उत्पादक सरळ आहे असे मी समजतो. तारीख नसेल, तर ज्या दुकानात माल भराभर खपतो तेथे जावे, आणि फळीवर धूळ खात पडलेली बाटली ‘स्वस्त देतो’ म्हटले तरी घेऊ नये.

पण वयापेक्षाही वाईट वैरी दोन: ऊन आणि उजेड. माझ्या एका आप्ताने मुलीच्या लग्नासाठी शहरातल्या एका झकपक दुकानातून बाटल्या आणल्या. दुकानाची काच पश्चिमेला, आणि बाटल्या त्याच काचेत मांडलेल्या. उघडल्यावर वास कसला, तर शिजवलेल्या कोबीचा! पाहुण्यांना वाटले, वाइन अशीच असते. ती तशी नसते. पांढऱ्या काचेच्या बाटलीवर ऊन किंवा प्रखर दिवा पडला, तर काही तासांतही हा बिघाड होऊ शकतो. हिरवी काच बरी, तपकिरी त्याहून बरी. म्हणून काचेतली नमुन्याची बाटली कधीच घेऊ नये. आतल्या खोक्यातली काढून मागावी. आणि मे महिन्यात नाशिकहून बाटली आणायची, तर मोटारीच्या डिकीत दुपारभर भाजत ठेवू नये.

घरी अंधाऱ्या, थंड जागी ठेवावी. उभी की आडवी, याने फारसे बिघडत नाही. उघडण्याआधी बर्फाच्या पाण्यात अर्धा तास. उघडताना आतला दाब विसरू नये. बाटलीचे तोंड कोणाकडेही नको, स्वतःकडे तर नकोच. तार सैल करावी, बूच अंगठ्याने दाबून धरावे आणि बूच न फिरवता बाटली फिरवावी. सिनेमातला धडाका करू नये. डोळा जाऊ शकतो.

बूच निघाले की फेकू नका. त्यावर मघाशी सांगितलेले नाव आहे का, ते पाहा. मग त्याचा आकार पाहा. अलीकडे ठोकलेले बूच सुटताच खालून अळंबीच्या छत्रीसारखे फुलते. वर्षानुवर्षे बाटलीच्या मानेत आवळलेले सरळ खुंटीसारखे राहते. ताजी म्हणून घेतलेल्या बाटलीचे बूच खुंटीसारखे निघाले आणि पेल्यात बुडबुडे मरगळलेले दिसले, तर उरलेली बाटली, बूच आणि पावती घेऊन दुसऱ्या दिवशी दुकानदाराकडे जावे. उरलेल्या वाइनमध्ये चमचा उभा ठेवला की फेस टिकतो म्हणतात, त्यात तथ्य नाही. घट्ट झाकण लावून थंडीत ठेवावी, एखादा दिवस निघतो.